अर्ध्या मैलाचं टपाल

मिशन शाळा, खारवली बंदर
तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा
२७ जून १९५३

सोनाबाईस मनुबाईचा नमस्कार.

तुळशीराम, आधी तोंडातलं पान थुंकून ये. मग वाच. आणि लिहिलंय तेवढंच वाच, पदरचं काही घालू नकोस. पोस्टमन आहेस, कीर्तनकार नाहीस.

सोनाबाई, माझी शाळा आणि तुझं घर यांच्यामध्ये खाडीवरचा एक साकव आणि अर्धा मैल वाट. एवढ्याशा वाटेसाठी मी पोस्टाचं तिकीट लावते आहे. हे पत्र इथून श्रीवर्धनला जाईल, तिथे शिक्का खाईल आणि तिसऱ्या दिवशी परत आपल्याच गावात येईल. लोक हसतील, हसू देत. मी दोनदा तुझ्या ओटीपाशी येऊन गेले. पहिल्यांदा तू जवळा निवडत होतीस, मला पाहून पाठ केलीस. दुसऱ्यांदा तोंडावर दार लावलंस. तिसऱ्यांदा येऊन अपमान करून घेण्याइतकी मी काही मोठी ख्रिस्तीण नाही.

त्या दिवशी काय झालं ते मी माझ्या तोंडाने सांगते, कारण कोळीवाड्यात त्याला भलतंच तिखटमीठ लागलं आहे असं कानावर येतं.

शाळा उघडते त्या दिवशी आपल्याकडे घरं बोलावतात, नुसती मुलं नव्हे. आमच्या परदेशी मिस साहेबांनी घालून दिलेली रीत, त्या आपल्या देशी परत गेल्या तरी मी मोडली नाही. प्रत्येक घराने पडवी शाकारायला माडाच्या पात्यांचा विणलेला एक झाप आणायचा. कुणब्यांनी तो खालून वर द्यायचा आणि तुमच्या कोळ्यांनी वर चढून सुंभाने बांधायचा, कारण कोळ्याने मारलेली गाठ चार महिने वाऱ्याला दाद देत नाही. मग मी वही उघडून एकेका घरच्या कर्त्याचं नाव पुकारायचं आणि त्या घरातल्या कोणीही "हजर" म्हणायचं. एकदा हजर म्हटलं की ते घर वर्षभर शाळेचं, शाळा त्या घराची.

तुझी जनी यंदा पहिलीत बसायची होती. तिचं नाव नवीन, म्हणून मी आदल्या संध्याकाळी वही भरली. शिवदासचा मचवा दिवाळीनंतर उलटला, दोघे पोहत आले, तो आला नाही, हे सगळ्या बंदराला माहीत. सात महिने झाले होते. मी लिहिलं, "शिवदास धर्मा, मयत." आणि जसं लिहिलं तसं सगळ्यांसमोर वाचलं.

तू उठलीस. "बाय, तुमी बगितलंत का त्यांना मेलेलं?" एवढंच म्हणालीस. जनीचा दंड धरलास आणि निघालीस. मग वर पडवीवर झाप बांधत बसलेला तुमचा भागोजी उतरला, त्याच्यामागे बाकीचे उतरले. चौदा घरं उठून गेली. अर्धी पडवी बांधलेली, अर्धी तशीच, सुंभ खाली लोंबकळतोय.

माझी चूक झाली. पण रकाना होता, सोनाबाई. सरकारी वहीत रकाना असला की तो भरावा लागतो. मी मुद्दाम नाही केलं.

जनीला पाठव. माझ्यावर राग धर, पोरीच्या अक्षरांवर धरू नकोस.

मनुबाई शमुवेल
मुख्य शिक्षिका

ता. क. तुळशीराम, ही खालची मोठी अक्षरं जनीला दाखव. बोट ठेवून. ज, न. जनी.

*

३० मे १९५४

सोनाबाईस नमस्कार.

वर्षभरात हे माझं नववं पत्र. उत्तर एकाचंही नाही. तुळशीरामला विचारते, "काय म्हणाली?" तर म्हणतो, "आयकून घेतलान." बस. निदान फाडून टाकलंस असं तरी कळू दे, म्हणजे मी तिकिटं लावायची थांबेन. छे, थांबणार नाही. मला मेलीला चिकाटीची खोड आहे.

तुळशीराम, गेल्या खेपेला "बाय रडून रडून लिवतात" असं तू आपल्या मनाचं वाचलंस म्हणे. मी रडत नाही. लिहिताना मला पडसं झालं होतं.

शाळा दहा दिवसांनी उघडते. यंदा कुणब्यांची घरं आणि आमच्या ख्रिस्ती देवळाजवळची पाच घरं, एवढीच येणार. गेल्या वर्षी कोळीवाड्याच्या बाजूची पडवी कुणब्यांनीच बांधली. मेहनती माणसं, पण गाठी कशा? पुनर्वसूच्या वाऱ्यात एकेक झाप उडून खाडीत गेला. पहिलीतली मुलं भिंतीला चिकटून बसायची आणि मधोमध पाण्याचं तळं. निरीक्षक आले तेव्हा त्यांनी विचारलं, "ही बाजू उघडी का?" मी म्हटलं, "इथे बसणारे यायचे आहेत." त्यांनी ते शेऱ्यात लिहून घेतलं.

वहीतला तो शब्द मी ब्लेडने खरवडून काढला आहे. त्याबद्दलही निरीक्षकांनी शेरा मारला, सरकारी वहीत खाडाखोड म्हणून. मारू दे. तिथे आता कागद इतका पातळ झालाय की मागचं पान दिसतं.

संध्याकाळी शाळा सुटली की मी एकटीच उरते. खोलीत चूल पेटवायचा कंटाळा येतो. परवा मी फळ्यावरच्या बेरजा मोठ्याने वाचत बसले होते, कोणाचा तरी आवाज व्हावा म्हणून. हे तुला का लिहिते आहे कोण जाणे. तुळशीराम, हे गाळ. वाचून झालं असेल तर मेल्या, विसरून जा.

यायचं निमंत्रण आहे. चौदाही घरांना. नाव पुकारीन तेव्हा पुढे काही म्हणणार नाही.

मनुबाई

जनीसाठी: जाळं. नारळ. होडी. दार. दार उघड.

*

नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस, १९५५

सोनाबाईस नमस्कार.

काल मी बंदरावर आले होते. तुम्ही सगळ्यांनी मला पाहिलं आणि कोणी पाहिलं नाही. मी सुरूच्या झाडापाशी उभी राहिले. तू नवं लुगडं नेसली होतीस. रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा. नारळ सोडलास आणि पाण्याकडे बघत काहीतरी बोललीस. काय बोललीस ते वाऱ्याने मला ऐकू येऊ दिलं नाही. ज्याच्याशी बोललीस त्याला आलं असेल.

मी घरी आले आणि आज शाळेत मुलांवर विनाकारण ओरडले. रंगू सुताराच्या मुलाला पाढा चुकला म्हणून बाहेर उभं केलं. मग मधल्या सुट्टीत त्याला गूळ दिला. तो म्हणतो, "बाई, तुम्ही आधी मारता आणि मग गूळ देता, आधी गूळ द्या ना." पोरं आगाऊ झालीत.

दोन वर्षं झाली. जनी आठ वर्षांची झाली असेल. तुळशीराम म्हणतो ती ओटीवर बसून वाळूत रेघा ओढते. "कसल्या रेघा?" म्हटलं. "नुसत्या वो, पोरीच्या जातीच्या रेघा." बरं. रेघा तर रेघा.

एक खरं सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी मुद्दाम केलं नाही, रकाना होता म्हणून केलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मला अजून लिहवत नाही.

मनुबाई

जनीसाठी: समुद्र मोठा आहे. वाट लहान आहे. तू ये.

*

१९ मे १९५७

सोनाबाईस नमस्कार.

तुळशीराम, आज तुला वाचायला एवढंच आहे: शाळा दहा जूनला उघडते, चौदाही घरांना निमंत्रण, झाप आणावा. संपलं. सोबत दुमडून डिंकाने चिकटवलेला दुसरा कागद आहे, तो तसाच सोनाबाईच्या हातात दे. उघडलास तर पोस्टमास्तरांना सांगून तुझी बदली महाडला करवीन. चेष्टा नाही.

सोनाबाईला सांग, हा कागद कोणाकडूनही वाचून घ्यायचा नाही. तिच्यापाशी असू दे, एवढंच.

(चिकटवलेला कागद)

सोनाबाई,

तुला वाचता येत नाही म्हणूनच हे तुला लिहिते. आणि कोणाला लिहू? पाळकांना सांगितलं तर ते प्रार्थना करतील आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मंडळींना सांगतील. देवाला सांगून झालं आहे, तो तुझ्यासारखाच गप्प बसतो.

माझा नवरा शमुवेल. रंगूनला इस्पितळात कंपाउंडर होता. बेचाळीस साली तिकडे बाँब पडले तेव्हा हजारो माणसं चालत हिंदुस्थानाकडे निघाली. हाही निघाला, असं त्याच्या बरोबरीच्या एकाने लिहून कळवलं. डोंगरात चुकामूक झाली. मग तार आली, "बेपत्ता". मेला असं कोणीच म्हटलं नाही. बेपत्ता.

मी तेव्हा इथे साधी शिक्षिका होते. मिस साहेबांना मुख्य शिक्षिका हवी होती, शाळेमागच्या खोलीत एकटी राहणारी. मिशनच्या मंडळाचा नियम असा की नवरा असलेली बाई सासरच्या माणसांच्या परवानगीशिवाय ठेवायची नाही. माझे सासरे नगरला, ते म्हणाले, सुनेने आमच्याकडे येऊन राहावं, शमुवेल येईल तेव्हा घरी दिसावी. विधवेला मात्र कोणाची परवानगी लागत नव्हती. मिस साहेबांनी अर्ज पुढे ठेवला. पतीचे नाव. त्यापुढे एक रकाना.

सोनाबाई, तो रकाना मी माझ्या हाताने भरला. तार आल्याला सहा महिने झाले होते. "मयत" लिहिलं. अक्षर सुरेख आलं, माझं अक्षर नेहमीच सुरेख येतं. बोटातली अंगठी काढून खडूच्या डबीत ठेवली. ती अजून तिथेच आहे, खडूची पांढरी भुकटी बसलेली. सासऱ्यांनी नंतर माझं नावही घेतलं नाही, आणि बरोबरच केलं.

मला शाळा हवी होती. मुलं हवी होती. मला नगरच्या माजघरात बसून दाराकडे बघत म्हातारं व्हायचं नव्हतं. हे मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे आणि ते खोटंही नाही. पण समुद्रात गेलेल्या माणसासाठी तू कुंकू लावतेस, आणि माझा माणूस तर चालत निघाला होता. चालत निघालेला माणूस बुडत नाही. त्याला उशीर होतो. दहा वर्षं, बारा वर्षं उशीर होऊ शकतो. आणि तो आलाच असता तर त्याला काय सापडलं असतं? आपली बायको विधवा म्हणून नोकरीला लागलेली.

त्या दिवशी तू पडवीत आलीस, कपाळभर कुंकू लावून, सात महिन्यांनी, जणू शिवदास आत्ता बंदरावरून येणार आहे. मला तुझा राग आला. होय, राग. मत्सर म्हण. मला वाटलं, ही कोण लागून गेली थांबणारी? मी नाही थांबले, मग हिने का थांबावं? आदल्या संध्याकाळी लिहिलं ते रकान्यासाठी, पण तो शब्द वाचताना मी आवाज जरा चढवला होता. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

हे असं आहे. आता हा कागद चुलीत घाल, किंवा जाळ्याला ठिगळ लाव.

मनुबाई

*

कोळीवाडा
४ जून

मनुबायला जनीचा नमस्कार.

मी जनी शिवदास. हे पत्र मी लिवते. तुळशीरामकाकांनी अक्षरं सांगितली न्हाईत, मला येतात. तुमच्या पत्रातली मोठी अक्षरं आधी शिकले. मग बारीक शिकले. आईने काकांना शपथ घातली होती, मी शिकते ते बायला सांगायचं न्हाय म्हणून. काका खोटं बोलले तुमच्याशी, रेघा म्हणून. त्यांना महाडला धाडू नका.

आईने तुमची सगळी पत्रं फळीवर ठेवलीत, कुंकवाच्या करंड्याखाली. एकेचाळीस हायत. मी ती पुन्हा पुन्हा काढून वाचते. चिकटवलेला कागद पण वाचला. आईने न्हाय सांगितलं, मीच काढला. आधी मनात वाचला, मग तिला वाचून दाखवला. चुलीत घालू का इचारलं, तर तिने माझ्या हातातून काढून घेतला.

आईने तो परत करंड्याखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, घे कागद, बायला लिव. ती सांगते तसं लिवते.

"बाय, राग मला पन होता. तुमच्यावर न्हाय, पन तुमीच समोर होता. मला दर रोज वाटतं का मी येडी हाय, आणि त्या दिवशी तुमी सगळ्यांम्होरं तेच सांगितलंत असं वाटलं. तुमी नोकरी धरलीत ते बेस केलंत. समदी थांबून बसली तर पोरांना कोन शिकवील? पन थांबायला काय कपाळाला कुंकूच लागतं का? तुमी चार वर्सं एक दार वाजवत थांबलात. ते थांबनंच हाय.

"आमी येनार. चौदा बी घरं येनार. झाप आनू, भागोजी गाठी मारील. पन अट हाय. आमच्या घराचं नाव नुसतं पुकारा, म्होरं काय बी न्हाय. आणि तुमच्या घराचं नाव वहीत लिवा. इतक्या वर्सांत समद्यांची घरं पुकारलीत, तुमचं कदी पुकारलं न्हाय. तुमचं घर न्हाय व्हय ते?"

आई म्हणते, नावं मी वाचायची. मला मोठ्याने वाचता येतं.

जनी

*

शाळा
११ जून १९५७

प्रिय शमुवेल,

पंधरा वर्षांत तुला पत्र लिहिलं नाही. कोणत्या तोंडाने लिहिणार? आज लिहिते, कारण काल तुझं नाव निघालं.

काल शाळा उघडली. सकाळी सातलाच साकवावरून कोळीवाडा येताना दिसला. पुढे सोनाबाई, डोक्यावर झाप, कपाळावर कुंकू. मी फाटकात उभी होते आणि पाठ केलेलं एकही वाक्य मला आठवेना. ती म्हणाली, "बाय, वाटेतून बाजूला व्हा, झाप लागंल." एवढंच आमचं बोलणं. मला इतकं बरं वाटलं.

भागोजी वर चढला, गेल्या सालची कुणब्यांची गाठ बघून म्हणाला, "ही काय गाठ हाय का चोळीची नाडी?" कुणबी चिडले, मग हसले. चार वर्षांनी पडवीवर अशी आरडाओरड झाली.

मग जनी वही घेऊन माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली. दहा वर्षांची आहे, काडीसारखी, नाकात नथनी. पाहिलं तर पहिलीत घालायची मुलगी, पण तिला तिसरीतच बसवावं लागणार, आणि तिसरीतल्यांना ती लाजवणार. घर पुकारलं की कोणीतरी हजर म्हणे, वर एक गाठ बसे. "शिवदास धर्मा," जनीने वाचलं आणि थांबली. पुढे तो पातळ झालेला कागद होता, नुसता. सोनाबाई पाण्याच्या बाजूला बघून म्हणाली, "हजर." वर एक गाठ बसली. मग जनीने पान उलटलं.

शेवटचं नाव मी आदल्या दिवशी लिहिलं होतं. चार वेळा टाक उचलला, चार वेळा ठेवला. सुरेख नाही आलं अक्षर, पहिल्यांदाच. पुढचा रकाना मी कोरा ठेवला आहे. निरीक्षक विचारतील. विचारू देत.

"शमुवेल दाविद," जनी म्हणाली.

वर भागोजीचे हात थांबले. सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कोणाचं हे घर.  शाळेत इतकी वर्षं ओरडणारी बाई मी. शेवटी कसंबसं "हजर" म्हटलं.

सोनाबाई तिथून म्हणाली, "मोठ्यानं म्हना, बाय. लांबच्या मानसाला आयकू जायाला पायजे."

मी पुन्हा म्हटलं. तुला ऐकू आलं का, ते तू सांगशील तेव्हा कळेल. अंगठी धुऊन घातली आहे, बोट जाड झालंय, फिरत नाही. मिशनच्या मंडळालाही मी आज एक पत्र लिहिलं, अर्जात खोटं लिहिलं होतं म्हणून. ते मला काढतील किंवा ठेवतील. काढलं तर सोनाबाई म्हणते, ओटीवर शाळा भरवा, जागा हाय.

तुळशीराम पत्र न्यायला आला आहे. विचारतो, "बाय, पत्ता?" तुझा कुठला पत्ता माझ्यापाशी आहे? मी शाळेचाच घातला. आता हे श्रीवर्धनला जाईल, शिक्का खाईल आणि तिसऱ्या दिवशी परत माझ्या दारात येईल. मी तुळशीरामला बजावून ठेवलं आहे, खिडकीतून टाकून जायचं नाही, फाटकात उभं राहून तुझं नाव मोठ्याने पुकारायचं.

मी घरातच असेन.

तुझी
मनू